अँकी: उजळणीचे वेळापत्रक सांभाळणारे ॲप
एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांपैकी आपण विसरण्याच्या बेतात असलेले कार्डच पुढे आणू पाहणारे हे ॲप दिसायला रुक्ष आहे, पण त्यामागचा अंतराअंतराने उजळणी करण्याचा विचार भक्कम आहे. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना २००० साली विभागून नोबेल मिळवून देणाऱ्या, ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरील संशोधनात असे दिसले की एकदाच दिलेल्या उद्दीपनाने सिनॅप्समधले, म्हणजे चेतापेशींच्या सांध्यातले, संदेशवहन काही मिनिटांपुरतेच वाढते. तेच उद्दीपन अंतराअंतराने वारंवार दिले, तर नवी प्रथिने तयार होऊन नवे सिनॅप्सही निर्माण होतात. अर्थात, गोगलगायीवरून थेट आपल्या पाठांतराचे अनुमान काढणे धाडसाचेच. ॲपमध्ये उत्तर चुकले की कार्ड काही मिनिटांत पुन्हा हजर होते, आठवले की पुढची खेप लांबते. अँड्रॉइडवर फुकट मिळते, आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. इतरांनी बनवलेले कार्डांचे तयार संच उतरवण्यापेक्षा कार्डे स्वतः लिहावीत.