दक्षिण बेटावरची कॅरॅव्हॅन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटासाठी आम्ही कोथरूडमधील एका प्रवाससंस्थेमार्फत कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली आणि गाडीची निवड अगदी योग्य ठरली. तेथे स्थानिक परिषदांच्या जागांवर विनाशुल्क मुक्काम करण्यासाठी गाडीत पक्के बसवलेले शौचालय आणि स्वयंपूर्णतेचे (म्हणजे पाणी आणि सांडपाणी गाडीतच साठवण्याची सोय असल्याचे) प्रमाणपत्र सहसा आवश्यक असते, आणि आमच्या गाडीत दोन्ही होते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने चालवणेही सोपे गेले. पुकाकी सरोवराकाठी पहाटे दार उघडताच निळसर पाण्यापलीकडे ३,७२४ मीटर उंचीचे आओराकी शिखर दिसले, तेव्हा सासूबाई चहा हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. सांडपाणी ठरावीक केंद्रांवरच सोडावे लागते, हे मात्र संस्थेने आधी सांगायला हवे होते.