चियांग माईत भाड्याने घर घेताय? मालक कोण ते आधी बघा

थायलंडने 2024 मध्ये डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा सुरू केला. पाच वर्षं चालतो, एका खेपेला 180 दिवस राहता येतं. तो घेऊन पुण्याच्या कंपनीचं काम चियांग माईत बसून करायचं, असं तुमच्याही मनात असेल तर हे वाचा. माझे तिथे डिपॉझिटचे 24,000 बाट बुडाले, म्हणजे पासष्ट हजार रुपयांच्या आसपास.

निम्मानसारख्या महागड्या भागात, ऐन नोव्हेंबरच्या हंगामात, वन बेडरूम कॉन्डो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, महिना 12,000 बाटला मिळत होता. जाहिरात सोशल मीडियावरची. माणूस गोडबोल्या, इंग्रजी फर्डं. पूल, जिम सगळं फिरून दाखवलं, चावी त्याच्याच खिशात, वॉचमन त्याला हसून हात करत होता. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं हा तिथला रिवाजच आहे. फक्त पैसे पाठवायला दिलेल्या खात्यावर बाईचं नाव होतं. "बहीण आहे," म्हणाला.

परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. त्या नोंदीला टीएम 30 म्हणतात. मी मागितली की याचं उत्तर ठरलेलं, "वेबसाइट बंद आहे, उद्या करतो." ती नोंद केली असती तर स्वतःच्याच नावाचा माग राहिला असता, हे आता कळतं.

दुसरा महिना लागला आणि दारात खरी मालकीण उभी, सोबत कॉन्डोच्या ऑफिसातली बाई. हा पठ्ठ्या तिचा भाडेकरू होता, तिचंही भाडं थकवून फोन बंद करून बसला होता. म्हणजे मी पोटभाडेकरू, तोही तिला ठाऊक नसलेला! तिने बाहेर काढलं नाही, पण नवा करार आणि नवं डिपॉझिट द्यावंच लागलं. वर कळलं की वीज सरकारी दराने चार-पाच बाट युनिट पडते. याने माझ्याकडून आठने घेतली होती. एवढा डल्ला मारूनही विजेचे चिल्लर सोडवले नाहीत त्याला.

टुरिस्ट पोलिसांचा 1155 नंबर लागतो, इंग्रजीत बोलतात, तक्रारही नोंदवली. पण खातं तिसऱ्याच कुणाचं निघालं आणि पैसे त्याच दिवशी पुढे गेलेले. चियांग माईत भारताचा वाणिज्य दूतावास आहे, त्यांनी कागद कुठे द्यायचे ते नीट सांगितलं. वसुली हे त्यांचं काम नव्हे.

तेव्हा पैसे देण्याआधी मालकीचा कागद मागा आणि त्यावरचं, करारावरचं, बँक खात्यावरचं नाव एकच आहे का बघा. विजेचं जुनं बिल मागा. टीएम 30 किती दिवसांत करणार ते करारातच लिहून घ्या. आणि कॉन्डोच्या ऑफिसात त्या माणसाला सोबत घेऊनच जा. मालकाचं नाव तिथे सांगतीलच असं नाही, पण "हाच मालक का?" असं विचारलं तर मान हो म्हणून हलते की नाही म्हणून, ते दिसतं. चावीवाला ऑफिसात यायला कां-कूं करू लागला तर दुसरी खोली बघा, शहरात कॉन्डोंना तोटा नाही.