‘आपोआप चालणारी’ गाडी आणि माझे २,४५,४२० रुपये

लिहायची लाज वाटतेय. बावीस वर्षं गुळाच्या सौद्यात उभा राहतोय, रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून बघितल्याशिवाय कधी बोली लावली नाही. आणि २१ लाख ८४ हजारांची गाडी घेताना सेल्समनच्या तोंडाकडं बघत बसलो.

‘दादा, नाद खुळा! स्टेअरिंग सोडा, पुण्यापर्यंत गाडीच नेते.’ ही त्याची वाक्यं. त्या एडीएएससाठी, म्हणजे ब्रेक-स्टेअरिंगला मदत करणाऱ्या सिस्टीमसाठी, वरच्या मॉडेलचे १,६२,००० जादा मोजले.

चुकलो ते टेस्ट ड्राइव्हलाच. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीच्या पुढं हायवेवर त्यानं दोन्ही हात सोडून दाखवले. थोड्या वेळानं गाडी टिंगटिंग करायला लागली की हा गुपचूप स्टेअरिंगला बोट लावायचा. ‘तिला सवय आहे,’ म्हणाला. आणि त्याचा उजवा पाय! सगळा वेळ ब्रेकच्या वर तरंगत होता. दिसत होतं मला. ज्याला गाडीवर इतका भरवसा, त्याचा पाय ब्रेकवर कशाला? हे तेव्हा विचारलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

जानेवारीत रात्री नऊला सांगलीकडून येत होतो. हातकणंगल्याच्या अलीकडं मागं बसलेल्या पोरीला पाण्याची बाटली द्यायला वळलो. मोबाईल बघत नव्हतो, प्यायलेलो नव्हतो. दोन सेकंद. ताशी सत्तरला तेवढ्यात गाडी जवळजवळ चाळीस मीटर जाते, हा हिशोब नंतर केला. पुढं उसाची ट्रॉली थांबलेली, लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडीनं ब्रेक मारला नाही. मी मारला, पण उशिरा. काच फोडून ऊस आत आला तो शेजारच्या सीटवर. बायको मागं बसली होती म्हणून वाचली.

बिल ३,४६,७२०. विम्यानं २,७१,३०० मंजूर केले, ७५,४२० माझ्या खिशातून. वर ट्रॉलीवाल्यानं आठ हजार घेतले, स्वतःला लाईट नसताना!

पोलिसांत हवालदारानं विचारलं, ‘गाडी कोण चालवत होता?’ म्हटलं, सिस्टीम चालू होती. ‘मग सिस्टीमचं लायसन दाखवा.’ सगळं ठाणं हसलं. गुन्हा माझ्यावर. ट्रॉलीबद्दल एक ओळ नाही. आरटीओत तीन खिडक्या फिरलो, शेवटी ‘जाहिरात आमच्याकडं येत नाही.’ ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार घेतली, नंबर दिला, आणि उत्तर काय, तर डीलरशी बोला. डीलरनं मॅन्युअलचं पान उघडलं: ही फक्त मदत आहे, जबाबदारी चालकाची. मग हे पान पैसे घ्यायच्या आधी का नाही उघडलं?

तेव्हा घेणाऱ्यांनो, असल्या सिस्टीमला ‘लेव्हल २’ म्हणतात, म्हणजे चालक तुम्हीच. हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर. सेल्समनचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. माझ्याकडं एकच मेसेज होता, ‘आपोआप चालते सर’, आता तोच पुरावा.

अमेरिकेतही हेच. २०१८ मध्ये ॲरिझोनात उबरच्या चाचणीतल्या आपोआप चालणाऱ्या गाडीखाली एक बाई गेली. फौजदारी खटला भरला तो स्टेअरिंगमागं बसलेल्या चालक बाईवर, कंपनीवर नाही. टेस्लानंसुद्धा ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’च्या पुढं ‘सुपरवाइज्ड’ (म्हणजे चालकाच्या देखरेखीखाली) जोडलं ते २०२४ मध्ये. तोपर्यंत लोकांनी काय समजायचं?

ग्राहक आयोगात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार टाकलीय. किंमत वीस लाखांच्या वर, म्हणून फी १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची असते, बसून राहू नका.

तिथं डीलरनं माझ्या सहीचा कागद लावलाय: ‘मर्यादा समजावून सांगितल्या.’ डिलिव्हरीच्या दिवशी पेढा तोंडात असताना केलेली सही. बायको म्हणत होती, ‘अहो, वाचा की.’ शोरूमच्या भिंतीवर तो फोटो अजून आहे. गळ्यात हार, हातात पेन, मी कॅमेऱ्याकडं बघून हसतोय.