तासिका की अतिथी? बेळगावातून बघताना

कॉलेजात महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासावर पैसे घेऊन शिकवायचं, की कर्नाटकात अतिथी उपन्यासक, म्हणजे तात्पुरता प्राध्यापक व्हायचं? हा प्रश्न खरा नेटवाल्यांचाच, म्हणजे प्राध्यापकीची देशभर चालणारी पात्रता परीक्षा पास झालेल्यांचा. नुसती सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, झाली असेल तर निवड आधीच झालेली असते: महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र-गोव्यात चालते, के-सेट कर्नाटकात. मी दोन्हीकडे शिकवलंय. आधी सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात तासिका तत्त्वावर, आता इकडे बेळगावच्या बाजूला सरकारी पदवी कॉलेजात अतिथी उपन्यासक म्हणून.

वर्गात चंदगडला तोड नाही. मराठीत शिकवायचं, पोरंही मराठीतच शंका काढणार. पण पैसे तासावर. गणपती, दिवाळी, परीक्षा, गॅदरिंग, सगळे दिवस कोरडे. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, बस बंद झाल्या. आता सीमेवरच्या शिनोळीच्या पुढे जायचं कसं? कायम असलेल्या सरांची रजा मांडली गेली, माझे तास बुडाले. एकाच स्टाफरूममधली दोन माणसं, अडचण एकच! त्यात बिल वरून मंजूर होऊन येईपर्यंत सत्र संपत आलेलं. तिथंच माझं मन उडालं.

इकडे मानधन महिन्याचं. जानेवारी २०२२ मध्ये पात्रताधारकांसाठी सेवा पाच वर्षांच्या आत असेल तर ३० हजार आणि पुढे ३२ हजार ठरलं, आठवड्याला १५ तास. नंतर त्यात वाढही झाली. अर्थात तेही सत्रापुरतंच. कायम प्राध्यापक बदलून आले की आपला कार्यभार गेला. परिपत्रकं कन्नडमधून, ती वाचायला सुरुवातीला शेजारच्या मॅडमना गाठावं लागायचं.

बढतीचा हिशेब करून मात्र कुठलीच बाजू निवडू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे कंत्राटी सेवा बढतीसाठी धरायची, तर एकूण मानधन कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावं लागतं. त्याचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. म्हणजे दहा वर्षं शिकवून कायम झालात, तरी पहिल्या बढतीची ४ वर्षं (पीएचडी नसेल तर ६) शून्यापासून मोजायची.

कर्नाटकात कायम व्हायचं असेल तर अतिथीपणाचा एक आडफायदा आहे. सरकारी कॉलेजांतल्या १,२४२ सहायक प्राध्यापकांच्या भरतीत केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) परीक्षेला कन्नडचा सक्तीचा पेपर होता, आणि इथं रोज कानावर तीच भाषा पडते. ती शिकायचीच नसेल तर चंदगड बरं, फक्त खोली तिकडेच घ्या.