सफारीचं ‘सक्तीचं’ किट

टांझानियाची टूर बुक केली असेल आणि टूरवाला म्हणत असेल की कपड्यांचं किट आमच्याकडूनच घ्यावं लागेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आमचे टूरचे अर्ध्याहून जास्त पैसे भरून झाल्यावर दादरच्या एका हॉलमध्ये प्रवाशांची मीटिंग झाली. किटचा विषय तिथेच पहिल्यांदा निघाला. माणशी 14,500 रुपये; त्यात दोन पँट, जॅकेट, टोपी आणि घोट्याच्या वर येणारे जाडजूड बूट. ‘साधे कपडे घालून आलात तर पार्कच्या गेटवरूनच परत पाठवतात,’ असं माइकवरून ठणकावून सांगितलं. एका काकांनी विचारलं, माझ्या जुन्या खाकी पँट आहेत, त्या चालतील का? ‘काका, सिंहाला विचारून सांगतो,’ असं उत्तर आलं. हशा पिकला आणि लोक पैसे भरायला रांगेत उभे राहिले. आम्हीही.

असा काही नियमच नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत जीपमधून फिरणाऱ्या पर्यटकाला गणवेश नसतो. सेरेंगेटीत शेजारच्या गाड्यांमध्ये लाल टी-शर्टपासून फुलाफुलांच्या फ्रॉकपर्यंत सगळं दिसलं. खाकी किंवा मातकट रंग बरे, कारण धूळ दिसत नाही. पायी सफारी असेल तर मात्र भडक आणि पांढरे कपडे खरंच नकोत.

आता मिळालेला माल. पँट लष्करी छापाच्या. झांबिया, झिंबाब्वे, युगांडा या देशांत सामान्य माणसाने असे कपडे घालायला बंदी आहे. टांझानियात आमच्या ड्रायव्हर-गाईडने त्या पाहिल्या आणि शांतपणे सांगितलं, बॅगेतच ठेवा. म्हणजे सफारीसाठी घेतलेल्या पँट सफारीतच घालता येईनात!

जॅकेटची कथा याहून भारी. ‘डासरोधक’ म्हणून विकलेलं, रंग गडद निळा. तारांगिरे उद्यानात त्सेत्से माश्या आहेत, पातळ कापडातूनही कडकडून चावतात, आणि निळ्या-काळ्या रंगाकडे त्या ओढल्या जातात. तिथे झाडांना निळं-काळं कापड टांगलेलं दिसतं, तो या माश्यांसाठी लावलेला सापळा असतो. गाईडने एकदा त्या कापडाकडे बोट दाखवलं, मग आमच्या जॅकेटांकडे. पुढे बोलायची गरज पडली नाही. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले कपडे बाजारात खरोखर मिळतात, पण त्यांच्या लेबलवर औषधाचं नाव आणि किती धुण्यांपर्यंत ते टिकतं हे छापलेलं असतं. आमच्या जॅकेटवर फक्त ‘एक्सएल’ होतं.

आणि थंडी! आफ्रिका म्हणजे ऊन, असं मीटिंगमध्ये सांगितलं होतं. गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराची कड साधारण 2,300 मीटर उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या टपाच्या गाडीत वारा हाडात शिरतो. ते जॅकेट तिथे कुचकामी ठरलं. सासूबाईंनी बळेच बॅगेत कोंबलेला विणलेला स्वेटर आणि माकडटोपी यांनी लाज राखली. बूट तर नुसतं ओझं. जीपमधून उतरायचंच नसतं, साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. सेरेंगेटीच्या छोट्या विमानांत बहुधा 15 किलोच सामान नेता येतं, तेही मऊ बॅगेत.

तुम्हाला लागणारं बहुतेक घरातच असेल: फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, सैल पँट, एकावर एक घालता येतील असे स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, धुळीसाठी मोठा रुमाल. संध्याकाळी हातपाय झाकलेले हवेत, कारण मलेरिया आहे. काळा आणि गडद निळा घरी ठेवा.

परत आल्यावर आम्ही पैसे मागितले. उत्तर आलं, ‘किट ऐच्छिक होतं.’ बिल मागितलं तर ‘किट व इतर सेवा’ एवढंच लिहिलेला कागद. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. टूरवाले पुढच्या टूरवर सूट देतो म्हणाले, ती आम्ही नाकारली. ग्रुपमधल्या एका कुटुंबाला मात्र पूर्ण पैसे मिळाले. ‘किटचे पैसे आल्याशिवाय व्हिसाची फाईल पुढे जाणार नाही,’ असा ऑफिसमधल्या मुलीचा व्हॉट्सॲप मेसेज त्यांनी जपून ठेवला होता. आम्हाला हे सगळं तोंडी सांगितलं होतं. तेव्हा ‘सक्तीचं आहे’ असं कोणी म्हणालं, की लगेच मेसेज करून विचारा: कोणत्या पार्कचा नियम, ते लिहून पाठवा.