पॉलिएस्टर सरफेस प्रायमर म्हणून मला साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरमध्ये विरघळणारा) प्रायमर विकला. फायबरवाल्यांनो, सावध राहा

लिहायचीही लाज वाटते. पण तो माणूस अजून माल विकतोय, म्हणून लिहितो.

जीपच्या बॉनेटचा साचा काढायचा होता. एमडीएफ आणि पुट्टीचा प्लग, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नमुना, घरीच घासून तयार केला. वरून पॉलिएस्टर सरफेस प्रायमर हवा, म्हणजे हार्डनर घातला की दगड होणारा आणि मग थिनरला दाद न देणारा, एवढं मला कळतं. या धंद्यात मी काल आलेलो नाही. नेहमीच्या दुकानात माल नव्हता, गिऱ्हाईक घाई करत होतं. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर हा भेटला. ‘पुण्यात गोडाऊन, शेवटचा स्टॉक, दादा’ वगैरे. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पाच किलोचे ७,४००, हार्डनरचे ४२०, कुरिअरचे ३८०. एकूण ८,२०० रुपये, सगळे आधी. डबा सीलबंद, लेबल चकचकीत. कुणीही फसला असता.

फवारला, छान वाळला, १००० नंबरच्या पेपरपर्यंत लोण्यासारखा घासला गेला. पण त्या रात्री फवारायची गन धुवायची राहिली होती. कपात हार्डनर घातलेला प्रायमर तसाच. खरा पॉलिएस्टर असता तर सकाळी गन भंगारात गेली असती. इथे थिनर ओतला आणि सगळं भसकन निघून आलं. आणि मी काय केलं? गन वाचली म्हणून खूश झालो! वासही रेझिनचा नव्हता, नेलपॉलिशसारखा होता. थंडीचे दिवस, सर्दी झालेली, कुणाच्या लक्षात येतं?

साचा सुटावा म्हणून वॅक्स झालं, वर पीव्हीएचा पातळ थर झाला, मग जेलकोट, म्हणजे साच्याचा पहिला रेझिनचा थर, मारला. जेलकोटमधल्या स्टायरीन या द्रावकानं खालचा प्रायमर उचलला, सुरकुत्या पडल्या आणि साचा प्लगला असा चिकटला की पाचर ठोकून दोन्ही फुटले. प्लगचं सामान ६,३५०, जेलकोट-रेझिन-फायबर मॅट ९,८७०. प्रायमर धरून २४,४२० रुपये पाण्यात. मजुरी धरलेलीच नाही.

त्याला फोन केला तर म्हणे, ‘वॅक्स नीट केलं नसणार.’ मग नंबर ब्लॉक. उरलेला हार्डनर चांगल्या रेझिनमध्ये घालून पाहिला, दुसऱ्या दिवशीही रेझिन पातळच. बिलावरचा जीएसटी नंबर २४ नं सुरू होतो, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा २७. पैसे पाठवण्याआधी बिल मागा आणि हे दोन आकडे बघा.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, डबाही मिळाला, मग फसवणूक कसली? फुटलेला साचा टेम्पोत घालून नेला होता, कुणी उठून बघितलासुद्धा नाही. ग्राहक तक्रारीच्या टेबलावर सांगितलं, धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहकच नाही. अहो, २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल ‘धंद्यासाठी’ म्हणून धरत नाहीत! कलम दाखवलं तर ‘वकील आणा’. वकिलानं पहिल्या भेटीचे २,००० सांगितले. डब्यात काय आहे हे लॅबमधून तपासून आणायचं तेही मीच, माझ्याच खर्चानं. चोर मोकळा आणि पुरावे गोळा करत मी फिरायचं.

नवा डबा आला की आधी कागदी कपात थोडा घेऊन दोन टक्के हार्डनर घाला. गरम होऊन दगड झाला पाहिजे. वाळलेल्या थरावर थिनरचा बोळा घासा, रंग बोळ्याला लागला तर जेलकोटचा डबा उघडूच नका. डबा फोडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता आणि चौकीत पहिला प्रश्न तोच आला.

परवा भाच्याच्या नंबरवरून त्याचं स्टेटस पाहिलं. लेबल आता निळं आहे, भाव किलोला १,३५०.