गुरखा वेल्फेअर ट्रस्ट : नेपाळच्या डोंगरात घरोघरी पोहोचणारी सेवा

ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले गुरखा सैनिक, त्यांच्या विधवा आणि ते ज्या गावांत राहतात ती गावे यांच्यासाठी नेपाळमध्ये काम करणारी गुरखा वेल्फेअर ट्रस्ट ही संस्था १९६९ साली ब्रिटनमध्ये स्थापन झाली. देणगी कोठे द्यावी असे कोणी विचारले, तर मी ज्या थोड्या संस्थांची नावे विचार न करता सांगेन, त्यांत ही एक आहे. तरीही या सेवेची वाखाणणी करताना ती मुळात का लागली, हे बाजूला ठेवता येत नाही, आणि म्हणून आधी तेवढे सांगणे भाग आहे.

ब्रिटिशांच्या सैन्यात गुरख्यांची भरती १८१५ पासून सुरू आहे. दोन्ही महायुद्धांत मिळून दोन लाखांहून अधिक गुरखे लढले. दुसरे महायुद्ध संपताच युद्धकाळापुरते भरती केलेले हजारो जवान घरी पाठवले गेले, आणि पुढे आग्नेय आशियातील बोर्निओ बेटाच्या जंगलात इंडोनेशियाशी चाललेला संघर्ष १९६६ मध्ये थांबल्यावर ब्रिटिश सैन्यातील गुरखा पलटणींत मोठी कपात झाली. निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची नोकरी आवश्यक होती. दहा-बारा वर्षे इमानेइतबारे सेवा केलेला जवान या नियमामुळे किरकोळ रक्कम हातात घेऊन गावी परतला, आणि वय झाल्यावर शेतीचे काम होईनासे झाले, तेव्हा त्याच्याकडे उत्पन्नाचे कोणतेही साधन उरले नाही. ट्रस्टचा जन्म या अन्यायातून झाला. आजही तिच्या कामाचा कणा म्हणजे अशा माणसांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मिळणारे कल्याण वेतन.

ही रक्कम पोहोचवण्याची पद्धत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पश्चिमेकडे गुरुंग आणि मगर, पूर्वेकडे राई आणि लिंबू या समाजांच्या वस्त्या जेथे आहेत, त्या डोंगरी जिल्ह्यांत संस्थेची विभागीय कल्याण केंद्रे पसरलेली आहेत आणि त्यांचा कारभार बहुतांशी गुरखा सैन्यातूनच निवृत्त झालेले अधिकारी पाहतात. समोर बसलेल्या म्हाताऱ्याची पलटण कोणती आणि त्याचे गाव कोणत्या धारेवर आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी पैसे घेण्यासाठी वृद्ध माणसे दोन-दोन दिवस पायी चालत केंद्रावर येत, आणि ज्यांना चालवत नसे त्यांना घरचा कोणी तरुण डोक्यावर पट्टा लावून पाठीवरच्या डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, बसवून आणी. आता अंथरुणाला खिळलेल्या लाभार्थ्याकडे संस्थेची माणसे स्वतः जातात. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, तेव्हा ही वाट पायीच काढावी लागते.

घरभेटीत काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. परिचारिका रक्तदाब मोजते, फळीवर किंवा उशाखाली ठेवलेली औषधांची पाकिटे एकेक करून तपासते, कोणती गोळी संपली आणि कोणती घ्यायचीच राहिली हे पाहते. त्याबरोबरच छप्पर गळते आहे का, शौचालयापर्यंत जाताना धरायला आधार आहे का, सोबत झोपायला घरात कोणी आहे का, याचीही चौकशी होते. एखाद्या विधवेचे मुलगे आखातात किंवा मलेशियात कामाला गेलेले असतात, सून शहरात असते, आणि महिनोन्‌महिने तिच्या घरी दुसरे कोणी फिरकत नाही. अशा घरी औषध आणि पैसे घेऊन येणारा, तिला नावाने ओळखणारा माणूस ही मदत पैशांत मोजता येणार नाही. ज्यांचे कोणीच नाही, त्यांच्यासाठी पोखरा आणि धरान येथे संस्थेची दोन निवासगृहे आहेत. दोन्ही लहान आहेत. डोंगरातून माणसाला उचलून शहरात आणण्यापेक्षा त्याच्या घरीच त्याची काळजी घेण्याकडे संस्थेचा कल आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

संस्थेची दुसरी मोठी सेवा पाण्याची. ग्रामीण पाणी आणि स्वच्छता कार्यक्रम १९८९ पासून चालू आहे. वरच्या झऱ्याचे पाणी अडवून ते टाकीत साठवायचे आणि उताराच्या जोरावर नळातून गावात आणायचे, अशी ही साधी योजना असते. पंप नाही, विजेचे बिल नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे फार थोडे राहते. अभियंते आणि सामान संस्थेचे, चर खणण्याचे आणि पाइप वाहून नेण्याचे श्रम गावाचे, आणि योजना पूर्ण झाल्यावर देखभाल गावाच्या समितीकडे. पहाटे उठून घागरी घेऊन खाली ओढ्यापर्यंत उतरणे आणि भरलेल्या घागरींसह चढण चढणे हे मुली-बायकांचे रोजचे काम अशा गावातून संपते, आणि घराजवळ शौचालय व पाणी दोन्ही आल्यामुळे मुलांचे पोटाचे आजारही कमी होतात. शाळा बांधणे, जुन्या शाळा दुरुस्त करणे, वैद्यकीय शिबिरे भरवणे ही कामेही चालतात आणि तीही चांगली आहेत, परंतु मला पाण्याचेच काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण येथे लाभार्थी कोण आणि कोण नाही हा प्रश्नच उरत नाही.

वेतनाच्या बाबतीत मात्र तो प्रश्न उरतो. ब्रिटन, भारत आणि नेपाळ यांच्यातील १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार दहा गुरखा रेजिमेंटपैकी चार ब्रिटनकडे गेल्या आणि सहा भारताकडे राहिल्या. एकाच घरातला एक भाऊ ब्रिटिश पलटणीत, दुसरा भारतीय पलटणीत, असे पुष्कळ ठिकाणी घडले. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्यांना भारत सरकारचे निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी काठमांडू, पोखरा व धरान येथे भारताची कार्यालये आहेत. ट्रस्टचे वैयक्तिक साहाय्य ब्रिटिश सेवेपुरतेच मर्यादित आहे. गोरखा जिल्ह्यातील बारपाक हे गाव घ्या. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी गजे घले तेथलेच, आणि त्यांची पाचवी रेजिमेंट १९४७ नंतर भारताकडे आली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू याच गावाजवळ होता. भूकंपाने घर पाडताना मालक कोणत्या सैन्यात होता हे पाहिले नाही. त्या काळात संस्थेचे कर्मचारी तुटलेल्या वाटांवरून आपल्या वृद्धांचा शोध घेत फिरले, तातडीचे पैसे दिले आणि नंतर भूकंपात तग धरतील अशी घरे बांधून दिली, हे काम फार मोठे होते. वैयक्तिक मदतीची मर्यादा संस्थेच्या उद्दिष्टातच लिहिलेली असल्यामुळे मी तिला दोष देत नाही, पण देणगीदाराला ती ठाऊक असावी.

पैशांच्या बाबतीत मला दोन गोष्टी आश्वासक वाटतात. ब्रिटिश सरकार कामाचा काही खर्च उचलते, त्यामुळे जनतेच्या देणग्यांवरचा भार हलका होतो, आणि नोकरीत असलेला प्रत्येक गुरखा जवान वर्षातून एका दिवसाचा पगार संस्थेला देतो. ज्या संस्थेला तिचे उद्याचे लाभार्थी स्वतःच्या कमाईतून पोसतात, तिच्यावर विश्वास ठेवायला मी फारसे पुरावे मागत नाही.

माझा आक्षेप संस्थेवर नाही. तिच्या अस्तित्वामुळे सरकारला जी सवड मिळते, त्यावर आहे. माजी गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क २००९ मध्ये मोठ्या जनआंदोलनानंतर मिळाला, आणि ब्रिटिश सैनिकांच्या तुलनेत निवृत्तिवेतनात असलेली तफावत दूर व्हावी म्हणून २०२१ मध्ये वृद्ध सैनिकांना लंडनमध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर तेरा दिवस उपोषण करावे लागले. जे हक्काने मिळायला हवे ते देणगीतून मिळत असेल, तर देणाऱ्याने देत राहावे आणि त्याच वेळी हक्काची मागणीही लावून धरावी.

देणगी देणाऱ्यांना माझी शिफारस अशी, की एकरकमी मोठ्या रकमेपेक्षा दरमहा थोडी रक्कम द्यावी, कारण वेतन, औषधे आणि घरभेटी हा न थांबणारा खर्च आहे. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांनी गिफ्ट एड या सरकारी योजनेचा अर्ज भरलाच पाहिजे. त्यामुळे प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स संस्थेला मिळतात.

संस्थेकडून माझी एक अपेक्षा आहे. कपातीच्या काळातील जवान आता फार म्हातारे झाले आहेत आणि वेतन घेणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घटत जाणार आहे. डोंगरातील ही केंद्रे, तेथील औषधोपचाराची व्यवस्था आणि वाटा माहीत असलेली माणसे त्यानंतरही गावांना हवीच असतील. नेपाळच्या नव्या राज्यघटनेने प्राथमिक आरोग्याची जबाबदारी ७५३ स्थानिक पालिकांकडे दिली आहे, आणि त्यांतील डोंगरी पालिकांकडे माणसे व अनुभव दोन्ही कमी आहेत. केंद्रे एकेक करून बंद करण्याऐवजी त्या पालिकांना आतापासून सोबत घ्यावे, त्यांच्या परिचारिकांना घरभेटींवर न्यावे, आणि हस्तांतराची योजना देणगीदारांसमोर वर्षनिहाय मांडावी.